सगळे म्हणतात ‘तुमचा विश्वास मोठा’, आणि मी तर पुरती थकले आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात त्या प्राथमिक शिक्षिका आहेत. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळजवळ गेलं. मुलीचं लग्न होऊन ती दूर गेली आहे, मुलगा बारावीला आहे. शाळेच्या वेळेत एक मावशी येतात, बाकी सगळं ताईंवर. रात्री दोनतीनदा उठावं लागतं. चर्चच्या मंडळीत सगळे त्यांचा दाखला देतात, महिला मंडळाच्या सभेत त्यांनी साक्षही दिली होती, म्हणजे देवाने आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण गेले काही महिने त्यांना प्रार्थना करता येत नाही. परवा जेवण सांडलं म्हणून त्या पतींवर ओरडल्या, नंतर मोरीत जाऊन रडल्या. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. घरगुती प्रार्थना सभेतले एक भाऊ म्हणतात, गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास, तीन दिवस उपास करा. गोळ्यांचं पाकीट तसंच कपाटात आहे. ताई लिहितात, “कधी कधी वाटतं, रात्री झोपावं ते सकाळी उठूच नये. माझा विश्वास संपला का? गोळ्या घेऊ का? आणि पुढच्या महिन्याच्या सभेत मला पुन्हा साक्ष द्यायला सांगितलंय, तिथे काय बोलू?”

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं ‘सकाळी उठूच नये’ हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मी आधी त्याच्याजवळ थांबणार आहे. हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. ‘थोडं टेन्शन आहे’ असं सौम्य करून सांगू नका, कारण उपचार त्या सांगण्यावरून ठरतात. आणखी एका माणसालाही सांगा, मुलीला किंवा बहिणीला, जी रोज एकदा फोन करून विचारेल. रात्री दोन वाजता मन फार खाली गेलं तर टेली मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. ‘उठू नये’ याच्या जागी ‘स्वतःला काही करून घ्यावं’ असा विचार आला, तर मात्र एकटं राहायचं नाही. कोणाला तरी हाक मारून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरात पतींच्या औषधांचा साठा असणारच. त्याची किल्ली सध्या मुलाकडे किंवा मावशींकडे असू द्या.

आता विश्वासाचं. ‘पुरे झालं, आता माझा प्राण घे’ असं देवाला तोंडावर म्हणणारा माणूस आपल्या पवित्र शास्त्रात आहे, आणि तो अविश्वासू नाही, एलीया संदेष्टा आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आज पुन्हा वाचा, पण या वेळी देव काय करतो त्याचा क्रम पाहा. एलीया झुडपाखाली झोपतो. देवदूत त्याला शिवून उठवतो आणि म्हणतो, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी आहे. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढचा पल्ला त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्या झुडपाखाली ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असं कोणीही विचारत नाही. झोप, अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न, मग चाळीस दिवसांची वाट. होरेब डोंगरावर पोहोचल्यावर देव त्याला दोनदा विचारतो, तू इथे काय करतोस, आणि त्याची तक्रार दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतो. शेवटी त्याच्या जोडीला अलीशा देतो आणि सांगतो की तू एकटा उरलेला नाहीस, अजून सात हजार आहेत.

देवाचं सामर्थ्य तिथे भाकर, पाणी, झोप आणि एक जोडीदार होऊन आलं. एलीयाला न थकणारा माणूस करून सोडलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. ताई, तुम्ही मात्र अडीच वर्षं ‘न थकणारी बाई’ होण्याची वाट पाहत आहात. ती तुम्ही झाला नाहीत, म्हणून विश्वास संपला असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते चूक तुमच्या विश्वासात नाही, त्या अपेक्षेत आहे.

ही अपेक्षा कुठून येते तेही सांगते, कारण पुष्कळ घरांत हेच चाललंय. फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे वचन कॅलेंडरवर असतं, भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतं. ते चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन. त्याच्या आधीच्या दोन वचनांत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की विपुलतेत कसं राहावं आणि टंचाईत कसं राहावं हे तो शिकला आहे. म्हणजे ‘सर्व काही’ हे कुठल्याही स्थितीत टिकून राहण्याबद्दल आहे, सगळी कामं एकट्याने उरकण्याबद्दल नाही. आणि लगेच पुढचं, चौदावं वचन? माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे तुम्ही चांगलं केलं. मग तो आठवण काढतो, थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा नाही, दोनदा मदत पाठवलीत. एपफ्रदीतच्या हाती आलेल्या देणगीची तो पोच देतो. पौल तुरुंगात आहे, दुसऱ्यांनी पाठवलेलं घेतोय, आणि त्याच दमात म्हणतोय की मी प्रभूच्या सामर्थ्याने सर्व करू शकतो. त्याला यात विसंगती दिसत नाही. आपण मात्र तेराव्या वचनावर फ्रेम संपवतो.

दुसरं वाक्य आहे ‘देव झेपेल तेवढंच देतो’. भेटायला येणारे लोक प्रेमाने म्हणतात, पण ज्याला झेपत नाही त्याला ते दोषी ठरवतं. ज्या वचनावरून ते निघालं ते करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, दहाव्या अध्यायातलं. तिथे विषय पापाच्या मोहाचा आणि परीक्षेचा आहे, आजारपणाच्या ओझ्याचा नाही. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की आशियात (तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात) आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, इतके की जगण्याचीही आशा उरली नाही. झेपलं नाही, असं प्रेषित स्वतःच लिहून ठेवतो. आणि आपली भिस्त स्वतःवर नसावी, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर असावी, हे तो तिथेच शिकला असं सांगतो.

आता गोळ्या. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा देवाने यशया संदेष्ट्याच्या हाती निरोप दिला: मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझं आयुष्य पंधरा वर्षं वाढवतो. इतकं स्पष्ट वचन मिळाल्यावर यशयाने काय करावं? अंजिरांची ढेप आणायला सांगितली आणि ती गळवावर बांधली. वचन खरं आणि ढेपही खरी. आपला सोबती लूक याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आणि आपल्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना तर हे परकं वाटू नये. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू केलं. तुमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ही माणसं प्रार्थनाही करत होती आणि औषधही देत होती. औषध म्हणजे अविश्वास हा विचार आपल्या मंडळीच्या इतिहासातच बसत नाही.

तेव्हा पाकीट कपाटातून काढा. पण सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा फोन करून चार गोष्टी विचारा: ही गोळी नैराश्याची आहे की झोपेची? सकाळी घ्यायची की रात्री? माझ्या दुसऱ्या औषधांबरोबर चालते का? पुन्हा कधी दाखवायचं? नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या किती दिवस घ्यायच्या ते नक्की करून घ्या. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकं जड होणं, थोडी अस्वस्थता असा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. पुष्कळ लोक नेमके इथेच सोडतात, कारण त्रास दिसतो आणि गुण अजून दिसलेला नसतो. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. बरं वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद करू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासली नसेल तर तेही करून घ्या. तुमच्या वयात थकव्याचं मूळ तिथेही सापडू शकतं.

तीन दिवसांचा उपास सध्या नको. रात्री तीनदा उठणाऱ्या, सकाळी शाळा गाठणाऱ्या आणि एका पुरुषाला उचलून खुर्चीत बसवणाऱ्या शरीराला देवदूताने ‘खा’ म्हटलं असतं. त्या भाऊंना एवढंच सांगा, “भाऊ, गोळ्या मी घेणार आहे, तुम्ही प्रार्थना चालू ठेवा.” वाद घालायची गरज नाही. मात्र एका बाबतीत ठाम राहा. उद्या ते तुमच्या पतींच्या रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल असंच बोलले, तर त्यांचा एक शब्दही ऐकू नका. त्या गोळ्या थांबल्या की दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. पाळकसाहेबांच्याही कानावर हे घाला, कारण हा सल्ला ते भाऊ आणखी कोणाला तरी देत असणार.

मदतीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात मंडळी आहे, पण मंडळीने केलेलं एकही काम नाही. अमालेकी लोकांशी इस्राएलची लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकत असे, पण ते हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला, मग दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. हात मोशेचेच होते आणि काठीही त्याचीच, पण बसायला धोंडा लागला आणि शेजारी दोन माणसं लागली. तुमच्याकडे लोक येतात, प्रार्थना करतात, चहा पिऊन जातात. त्यांना तुमच्याबद्दल कळवळा नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना काय करायचं ते माहीत नाही, आणि ‘काही लागलं तर सांगा’ला तुम्ही दर वेळी ‘नाही, प्रभूच्या कृपेने ठीक आहे’ म्हणता.

एका कागदावर आठवड्याची कामं लिहा, आणि प्रत्येकापुढे वेळ आणि किती माणसं लागतात तेही लिहा. ‘मदत हवी’ असं सांगितलं की कोणी हलत नाही. ‘शनिवारी दोन ते पाच त्यांच्याजवळ बसायला एक जण’ असं सांगितलं की माणूस मिळतो. चार जणांनी महिन्यातून एकेक शनिवार घेतला तर तुम्हाला दर आठवड्याला तीन तास मिळतात. आठवड्यातून एक रात्र दीर किंवा मंडळीतला एखादा तरुण घरी झोपला तर तुम्ही दुसऱ्या खोलीत सलग सहा तास झोपू शकता, आणि ती एक रात्र माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे. रविवारी उपासनेला जाताना त्यांना खुर्चीसकट रिक्षात बसवायला दोघं हवेत. मुलाला या यादीत धरू नका, त्याचं बारावीचं वर्ष आहे. तो करतोय ते बघून त्याला ‘पुरे, आता अभ्यासाला बस’ म्हणणारं कोणीतरी हवं.

ही यादी स्वतः फिरवू नका. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना किंवा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या एकाला ‘फोन तुम्ही करा’ असं सांगा. कारण न आलेल्या माणसाला आठवण करून देण्यातच तुमची उरलेली ताकद जाईल. मुदत तीन महिन्यांची ठेवा. बिनमुदतीचं काम पहिल्या दोन आठवड्यांत उत्साहाने चालतं आणि मग गळतं. मुदत असली की लोक ती पार पाडतात, पुष्कळदा पुढेही चालू ठेवतात. आणि येणाऱ्यांना चहा करायचा नाही, हे सेक्रेटरीबाईंनीच आधी सगळ्यांना सांगून टाकावं. रात्री नऊला पंधरा माणसांची प्रार्थना सभाही सध्या नको. दोन माणसं, पंधरा मिनिटं, एक स्तोत्र, एवढं पुरे.

जवळ बसणाऱ्यांसाठी भिंतीवर एक कागद लावा. भरवताना त्यांना ताठ बसवायचं, लहान घास, तोंडाच्या चांगल्या म्हणजे डाव्या बाजूने. जेवण झाल्यावर उजव्या गालात काही अडकलंय का ते पाहायचं आणि अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ किती घट्ट करून द्यायचे ते डॉक्टरांना विचारून तिथेच लिहा. प्रेमाने केळं किंवा लाडू भरवणारे पाहुणे इथे धोका करतात. उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा दुखावतो. चेहरा नव्याने वाकडा झाला, दुसरा हातपाय गळाला, शुद्ध हरपली तर लगेच १०८ ला फोन. हा कागद असला की लोकांची भीती जाते. पुष्कळ जण मदतीला येत नाहीत ते ‘आपल्या हातून काही झालं तर’ या धास्तीने.

ओरडल्याबद्दल पतींची क्षमा मागा, शब्दांत मागा. त्यांचं बोलणं गेलंय म्हणून समजणं गेलं असं नव्हे. छोटी वाक्यं, समोर बसून, सावकाश. पुन्हा राग डोक्यात चढू लागला की ते सुरक्षित बसले आहेत ना एवढं पाहून खोलीबाहेर पडा, पाच मिनिटं अंगणात थांबा. सांडलेलं अन्न पाच मिनिटं तसंच राहिलं तर काही बिघडत नाही. हात उचलला जाईल असं कधी वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा. सेवा करणाऱ्यांमध्ये हे घडतं, आणि ते झोपेच्या अभावी वाढतं.

प्रार्थना येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत, आणि ते ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तेही देवाच्या लोकांनी प्रार्थना म्हणून जपलं आहे. रोज एवढंच म्हणा: देवाला हाक, आज काय दुखलं ते एका वाक्यात, आज काय हवं ते एका वाक्यात. विश्वासाचं वाक्य आलं तर म्हणा, नाही आलं तर तिथेच थांबा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मोरीतलं तुमचं रडणं मी त्यातच धरते. ‘अजून वीस वर्षं असंच?’ हा प्रश्न रात्री येईल. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोजचा रोज मिळायचा, साठवला की त्यात किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी देवानेच दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं. म्हणून उद्याची सोय लावणं, बँकेत चौकशी करणं, दिरांशी खर्चाची वाटणी ठरवणं यात अविश्वास नाही. ती कामं दिवसा, कागदावर करायची. रात्री फक्त त्या दिवसापुरतं मागायचं.

आणखी एक करून पाहा. उजवी बाजू जाऊन बोलणं गेलेल्या पुष्कळ रुग्णांना नवं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं म्हणता येतं: आकडे, गाणी, पाठ प्रार्थना. रात्री त्यांच्या डाव्या हातात हात घेऊन प्रभूची प्रार्थना सावकाश सुरू करा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि ओळीच्या शेवटी थोडं थांबा. ते ओठ हलवतील, एखादा शब्द म्हणतील, किंवा नुसतं ऐकतील. ‘म्हणा ना’ असा आग्रह नको, आणि चार माणसांसमोर करून दाखवायलाही लावू नका. ओळखीचं एखादं भक्तिगीतही चालेल. हा उपचार नव्हे, वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवायचं राहिलं असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पण प्रार्थना एकट्याने करण्याचं ओझं यातून थोडं हलकं होईल.

राहिली साक्ष. नको वाटलं तर ‘या महिन्यात नाही’ म्हणून सांगा, कारण द्यायची गरज नाही. द्यायची ठरवली तर पौलाने करिंथकरांना लिहिलं तशी द्या. आमच्यावर काय संकट आलं हे तुम्हाला ठाऊक नसावं अशी आमची इच्छा नाही, असं तो स्पष्ट म्हणतो, आणि तीनच वचनांनी पुढे सांगतो की तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला साहाय्य करता. तुम्ही असं म्हणू शकता: “बहिणींनो, मागच्या वेळी मी प्रभूने मला उभं ठेवलं असं सांगितलं होतं. ते खरं आहे. पण मी आजारी पडले आहे, डॉक्टरांचं औषध सुरू केलं आहे, आणि मला शनिवारी दुपारी माणूस हवं आहे. यादी सेक्रेटरीबाईंकडे आहे.” मग खाली बसा. त्या सभेत अशीच थकलेली आणखी एखादी बाई असेल, जी आजवर तुमची पहिली साक्ष ऐकून स्वतःला कमी समजत आली आहे. ती नंतर तुमच्याजवळ आली तर तिलाही आधी झोप किती मिळते ते विचारा.